'वॉच डॉग्स' की 'वॉच डॉग्स २'? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दोन्ही गेम दोनदोनदा पूर्ण केले आहेत, आणि तेव्हापासून त्यांच्याबद्दल तेच तेच प्रश्न येत राहतात. "कोणता आधी खेळू?", "पहिला खरंच इतका वाईट आहे का?", "यातली पाळत खरी आहे का?" अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सोपे प्रश्न आधी, अवघड नंतर. कथेचा महत्त्वाचा भाग फक्त १४व्या प्रश्नात उघड होतो. दुसरा भाग अजून खेळला नसेल तर तो प्रश्न सोडून पुढे जा.

१. हे दोन गेम नेमके कशाबद्दल आहेत?

अख्खं शहर एकाच संगणक-व्यवस्थेला जोडलेलं आहे. सिग्नल, रस्त्यांवरचे कॅमेरे, वीज, नदीवरचे उघडणारे पूल, लोकांचे फोन, बँकखाती, पोलिसांच्या नोंदी, सगळं तिच्यात आहे. या व्यवस्थेचं नाव सीटीओएस आणि ती बनवणारी कंपनी ब्लूम. दोन्ही नावं काल्पनिक आहेत. आपण खेळतो तो हॅकर खिशातून फोन काढतो आणि तीच व्यवस्था स्वतःसाठी राबवतो.

दोन्ही गेम युबिसॉफ्टच्या माँट्रियाल स्टुडिओने बनवले आणि दोन्हींचा क्रिएटिव्ह डायरेक्टर जोनाथन मोरिन होता. पहिला २७ मे २०१४ रोजी आला आणि तो शिकागोत घडतो. दुसरा १५ नोव्हेंबर २०१६ रोजी कन्सोलवर आला, पीसीवर त्यानंतर दोन आठवड्यांनी. तो सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या बे एरियात घडतो.

२. पहिला न खेळता थेट दुसरा घेतला तर चालेल का?

कथा समजायला काहीच अडचण येणार नाही. नायक नवा, शहर नवं, शत्रू नवा. ब्लूम कंपनी, डेडसेक हा हॅकरांचा गट आणि टी-बोन नावाचा जुना हॅकर एवढंच पहिल्यातून दुसऱ्यात येतं, आणि या तिन्हींची ओळख दुसऱ्यात नव्याने करून दिली जाते. पहिल्यातली सेव्ह फाइल दुसऱ्यात कुठेही लागत नाही.

तरीही माझा सल्ला आहे की पहिला निदान चार-पाच तास खेळा. का, ते प्रश्न ५ आणि ६ मध्ये आहे. दुसऱ्या भागाची पहिली दहा मिनिटं ज्याने पहिला खेळलाय त्याला वेगळी लागतात.

३. एडन पिअर्स आणि मार्कस हॉलोवे यांच्यात फरक काय?

एडन एकटा आहे. लांब कोट, टोपी, तोंडावर ओढलेलं फडकं आणि घोगरा आवाज. मर्लोट नावाच्या हॉटेलात तो आणि त्याचा जोडीदार डेमियन लोकांची खाती लुटत असतात, तिथे काहीतरी बिनसतं. पुढे एडनला धडा शिकवायला आलेल्या मारेकऱ्याच्या हल्ल्यात त्याची सहा वर्षांची भाची लीना मरते. गेमभर तो याचा सूड शोधत फिरतो. वर्तमानपत्रं त्याला 'व्हिजिलांटे' म्हणतात, म्हणजे कायदा हातात घेऊन न्याय करणारा, पण त्याची लढाई घरगुती आहे. सीटीओएस वाईट आहे असं त्याला फारसं वाटत नाही. ती त्याच्या हातातलं हत्यार आहे, बस.

मार्कस ओकलंडमध्ये वाढलेला कृष्णवर्णीय तरुण आहे. सीटीओएसच्या नव्या आवृत्तीने त्याच्यावर न केलेल्या गुन्ह्याचा शिक्का मारला आहे. तो डेडसेकमध्ये येतो तो आपली नोंद पुसायला. पहिल्याच मिशनमध्ये तो ब्लूमच्या सर्व्हरमध्ये घुसून स्वतःचं प्रोफाइल काढून टाकतो. त्यानंतर जंगी पार्टी होते आणि सकाळी समुद्रकिनाऱ्यावर जाग येते तेव्हा अंगात पँट नसते. गेमचं पुढचं काम आपल्यासाठी पँट विकत घेणं! एडनच्या गेममध्ये असा प्रसंग सुचलाच नसता.

४. सीटीओएस आणि सीटीओएस २.० यांत खरंच फरक आहे, की फक्त नाव बदललंय?

खेळताना आकडा बदलल्यासारखंच वाटतं, पण कथेत फरक आहे. पहिल्या गेममधली सीटीओएस *बघते*. कॅमेरा, फोन, चेहरा, नाव, पत्ता. दुसऱ्यातली *ठरवते*. कोण धोकादायक, कोणाला विमा महाग, कोणाला कोणती बातमी दिसावी, निवडणुकीत कोणाचं पारडं जड व्हावं. पहिल्यात ब्लूम शहराला व्यवस्था विकते. दुसऱ्यात ब्लूमचा तंत्रज्ञानप्रमुख डुशान नेमेत त्या व्यवस्थेत साठलेली माणसं विकतो.

दोन वर्षांत एवढा बदल का झाला याचं एक कारण बाहेरच्या जगात आहे, त्यासाठी प्रश्न ७ पाहा.

५. सगळे पहिल्या गेममधल्या 'प्रोफायलर'चं एवढं कौतुक का करतात?

कारण पाळत ठेवणाऱ्याला काय वाटतं हे इतक्या थेटपणे दाखवणारी गोष्ट मी दुसऱ्या कुठल्याच गेममध्ये पाहिलेली नाही.

शिकागोत, वरून 'एल' ट्रेन धडधडत जातेय, पाऊस पडतोय, आणि आपण चौकात उभे आहोत. फोन काढला की समोरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या डोक्याशेजारी एक छोटी चौकट उघडते: नाव, वय, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि एक ओळ. ती एकच ओळ. ती एखाद्या आजाराची असते, एखाद्या सवयीची, जुन्या खटल्याची, लपवलेल्या नात्याची. काही चौकटींवर निळी खूण असते, म्हणजे या माणसाचं खातं फोडता येतं. बटण दाबून धरलं की पैसे आपले.

पहिल्या तासात आपण सगळ्यांचं सगळं वाचतो. दुसऱ्या तासात ओळ वाचून ठरवायला लागतो की याचे पैसे घ्यायचे, तिचे नाहीत. पाचव्या तासात वाचणं थांबतं, फक्त निळी खूण शोधत फिरतो. माझं अगदी असंच झालं, आणि ज्यांना ज्यांना मी विचारलं त्या बहुतेकांचं हेच झालं होतं. गेम कुठेही थांबवून आपल्याला बोलत नाही. माणसाचं रूपांतर नोंदीत कसं होतं हे तो आपल्याच बोटांकडून करवून घेतो.

याच्या जोडीला घरांत डोकावण्याची मिशनं आहेत. एखाद्याच्या राउटरमधून घुसायचं आणि त्याच्याच लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून खोली बघायची. कोणी भांडत असतं, कोणी एकटं बसलेलं असतं, कोणी आरशासमोर काहीतरी म्हणत असतं. आपण काही करू शकत नाही, फक्त बघू शकतो.

दुसऱ्या भागात प्रोफायलर आहेच. पण तिथे रस्त्यावर करण्यासारखं इतकं काही आहे, आणि उजेड, रंग, गाणी इतकी आहेत की ती ओळ वाचायला कोणी थांबत नाही.

६. पहिल्या गेममध्ये गुन्ह्याची शक्यता टक्क्यांत दिसायची. दुसऱ्यात ती का काढून टाकली?

माझ्या मते या दोन गेमचं नातं याच प्रश्नात आहे.

पहिल्यात सीटीओएस इशारा देते की जवळपास गुन्हा घडण्याची शक्यता आहे. आपण तिथे जातो, संशयिताला किंवा संभाव्य बळीला प्रोफायलरमध्ये शोधतो. शक्यतेचा आकडा वर चढत जातो. आपण आडोशाला उभं राहून वाट पाहायची. घाई केली, समोरच्याला आपण दिसलो, तर तो सटकतो आणि गुन्हा घडतच नाही. अशा वेळी गेम आपल्याला श्रेय देत नाही! श्रेय मिळण्यासाठी गुन्ह्याला सुरुवात व्हावी लागते. म्हणजे आपण एका अनोळखी माणसाकडे, तो अजून काही केलेला नसताना, गुन्हेगार म्हणून बघत उभे असतो आणि मनातून आकडा खरा ठरावा अशी इच्छा धरतो. आणि तो खरा ठरतो, कारण गेममधली व्यवस्था चुकत नाही.

दुसरा भाग सुरू होतो तो ती व्यवस्था चुकलेल्या माणसापासून. मार्कस हा त्या आकड्याच्या पलीकडे उभा असलेला माणूस आहे. ज्याने शिकागोत तीस-चाळीस 'संभाव्य गुन्हेगार' पकडलेत त्याला ब्लूमच्या सर्व्हर रूममध्ये मार्कसचं प्रोफाइल वाचताना अस्वस्थ वाटायला हवं. मला वाटलं. ज्याच्यावर खोटा शिक्का बसला आहे त्याच्या हातात तेच टक्केवारीचं यंत्र देणं कथेला शोभलं नसतं, म्हणून ते गेलं हे योग्यच झालं.

पण गोष्ट इतकी स्वच्छ नाही. अपवाद प्रश्न १७ मध्ये आहे.

७. यातलं खरं किती? असं कुठे घडलंय का?

बऱ्याच गोष्टींना खरा आधार आहे.

पहिला गेम जून २०१२ मध्ये ई३ या व्हिडिओ गेमच्या प्रदर्शनात जाहीर झाला. तेव्हा शहरभराची पाळत ही लोकांना लेखकाची कल्पना वाटली. बरोबर एका वर्षाने, जून २०१३ मध्ये, एडवर्ड स्नोडेनने एनएसए या अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेचे कागद उघड केले. गेम हातात आला तोवर कल्पना मागे पडली होती.

शिकागोची निवडही सहज झालेली नाही. पोलिसांना उपलब्ध असलेलं कॅमेऱ्यांचं जाळं तिथे अमेरिकेतल्या सर्वांत दाट जाळ्यांपैकी आहे. शिवाय शिकागो पोलिसांकडे खरोखरच एक यादी होती, 'स्ट्रॅटेजिक सब्जेक्ट लिस्ट'. तिच्यात माणसांना ० ते ५०० असे गुण दिले जायचे: गोळीबारात सापडण्याची शक्यता किती, मारणारा म्हणून किंवा मरणारा म्हणून. प्रश्न ६ मधली संशयित आणि बळी यांना एकाच पडद्यावर दाखवणारी चौकट आठवा. त्या यादीचा वापर २०१९ मध्ये थांबला.

दुसऱ्या गेमच्या बाबतीत वास्तव नंतर आलं. मे २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने पोलीस आणि शहराच्या इतर खात्यांना चेहरा ओळखणारं तंत्रज्ञान वापरायला बंदी घातली. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलं मोठं शहर. दोनच महिन्यांत ओकलंड, मार्कसचं गाव, त्याच वाटेने गेलं. आणि त्याच किनाऱ्यावर थोडं दक्षिणेला असलेल्या सांता क्रूझने जून २०२० मध्ये गुन्ह्यांचं भाकीत करणाऱ्या पोलिसी सॉफ्टवेअरवर बंदी आणली.

एका ठिकाणी मात्र गेमने वास्तव वाकवलं आहे. गेमच्या जगात सीटीओएस उभी राहते ती २००३ च्या मोठ्या वीजकपातीनंतर, आणि ती एका हॅकरने घडवलेली असते. १४ ऑगस्ट २००३ ची वीजकपात खरी आहे. ईशान्य अमेरिका आणि कॅनडाच्या ऑन्टारिओमधले सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले होते. पण तिच्यामागे हॅकर नव्हता. ओहायोमध्ये उच्चदाबाच्या तारा झाडांना टेकल्या आणि नियंत्रण कक्षातलं इशारा देणारं सॉफ्टवेअर बिघडल्यामुळे कोणाला ते वेळेत कळलंच नाही. मला खरी हकीकत गेमपेक्षा जास्त भीतीदायक वाटते.

८. गेममधलं हॅकिंग खरं असतं का? एक बटण दाबलं की सिग्नल बदलतो?

नाही. खऱ्या कामाला आठवडे, महिने लागतात आणि त्यातलं बरंचसं कंटाळवाणं वाचन असतं. पहिल्या गेमच्या वेळी युबिसॉफ्टने कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीच्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली होती, त्यामुळे *काय* फोडता येऊ शकतं हे बरंचसं पटण्यासारखं आहे. *किती वेळात* हे मात्र खेळाच्या सोयीनुसार आहे.

९. खेळायला सर्वांत मोठा बदल कोणता?

पहिल्या गेममध्ये बहुतेक वस्तूंना एकच हॅक आहे. वाफेचा पाइप फुटतो, खांब वर येतो, पूल उघडतो, गॅरेजचं दार बंद होतं. योग्य क्षणी बटण दाबायचं एवढंच. पाठलागात पोलिसांची गाडी अगदी मागे असताना शिकागो नदीवरचा पूल उघडायला लावून पलीकडे उडी मारणं याची मजा अजूनही कमी झालेली नाही.

दुसऱ्यात प्रत्येक वस्तूला दोन-चार पर्याय आहेत. विजेची पेटी आवाज करू शकते, कोणी जवळ आल्यावर शॉक देऊ शकते किंवा लगेच फुटू शकते. उभी गाडी पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे ढकलता येते. एखाद्या पहारेकऱ्याचा फोन वाजवून त्याला जागेवरून हलवता येतं. आणि दोन खेळणी मिळतात: चाकांवर पळणारा जंपर आणि उडणारा क्वाडकॉप्टर. जिथे हाताने काही जोडावं लागतं ते काम जंपर करू शकतो, क्वाडकॉप्टर करू शकत नाही. तो फक्त वरून बघतो आणि दुरून हॅक करतो. हा फरक नवख्यांच्या उशिरा लक्षात येतो आणि मग "ड्रोन इथे चालत का नाही?" असा प्रश्न येतो.

परिणाम असा की दुसऱ्यात कंपनीच्या कुंपणाबाहेर बाकड्यावर बसून अख्खं मिशन उरकता येतं. पहिल्यातही एका कॅमेऱ्यातून दुसऱ्या कॅमेऱ्यात उड्या मारत बरंच आत जाता येतं, पण शेवटी एडनला स्वतः जावंच लागतं आणि बहुतेकदा बंदूक काढावी लागते.

पहिल्यातली फोनची बॅटरी जाऊन तिच्या जागी दुसऱ्यात बॉटनेट आला, म्हणजे इतरांच्या फोनमधून गोळा केलेली ताकद. मोठ्या हॅकसाठी तो खर्च होतो आणि हळूहळू भरतो. सीटीओएसचे टॉवर उघडत फिरण्याचं काम दुसऱ्यात पूर्ण काढून टाकलं आहे, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे.

१०. गाडीतून गोळी मारता येते का?

एकटं खेळताना दोन्हींमध्ये नाही. दुसऱ्यात जोडीदारासोबत ऑनलाइन खेळत असाल तर शेजारी बसलेला खेळाडू गोळी मारू शकतो, चालवणारा नाही. गाडी चालवणं दुसऱ्यात नक्कीच सोपं आहे. पहिल्यातल्या गाड्या जड वाटतात.

११. पहिल्यात 'प्रतिष्ठा' होती, दुसऱ्यात 'फॉलोअर' आहेत. एकच गोष्ट का?

एकच नाही. पहिल्यातली प्रतिष्ठा वर आणि खाली जाते. निरपराध माणसाला किंवा पोलिसाला मारलं तर घटते, आणि लोक आपल्याला ओळखून पोलिसांना (९११ ला) फोन करायला लागतात. (तो फोन हातातून हिसकावता येतो किंवा जॅमरने बंद पाडता येतो.) दुसऱ्यातले फॉलोअर फक्त वाढत जातात. डेडसेकचं ॲप जितके लोक घेतील तितकी त्यांच्या फोनची ताकद गटाला मिळते. नैतिकतेचा मीटर दुसऱ्यात नाहीच. मला ही उणीव वाटते. मार्कसने भर चौकात काहीही केलं तरी जगाला फरक पडत नाही.

१२. दुसऱ्यातल्या कंपन्या खऱ्या कंपन्यांची नक्कल आहेत का?

हो, आणि ते लपवलेलंही नाही. सर्च इंजिनवाली नूडल, सोशल मीडियावाली इन्व्हाइट, अवकाशयानं बनवणारी गॅलिली, यंत्रमानव बनवणारी टायडिस, घर 'स्मार्ट' करणारी हॉम. खऱ्या जगात कोण ते खेळणाऱ्याला लगेच कळतं.

पाळतीच्या दृष्टीने यातलं सर्वांत चांगलं मिशन हॉमचं आहे. स्मार्ट घर म्हणजे पैसे देऊन आणलेला पहारेकरी हे तिथे एका राहत्या घरात घुसून दाखवलं जातं. पहिल्या गेममध्ये लॅपटॉपमधून डोकावताना निदान आपण चोरून डोकावत होतो. इथे घराच्या मालकाने कॅमेरा स्वतः विकत घेतला आहे, स्वतः भिंतीवर लावला आहे आणि अटी मान्य आहेत म्हणून बटणही स्वतःच दाबलं आहे.

१३. पहिल्या गेमच्या ग्राफिक्सवरून वाद झाला होता तो काय?

ई३ २०१२ मध्ये दाखवलेला खेळ आणि २०१४ मध्ये विकला गेलेला खेळ यांत प्रकाश, धूर, पाऊस यांचा फरक उघड दिसत होता. मध्ये नोव्हेंबर २०१३ ची तारीखही पुढे ढकलली गेली होती, त्यामुळे अपेक्षा आणखी वाढल्या होत्या. नंतर पीसीवरच्या मॉडरांना, म्हणजे गेममध्ये हौसेने फेरफार करणाऱ्यांना, फाइलींमध्ये जुन्या प्रदर्शनातल्या काही सेटिंग सापडल्या आणि लोक अधिकच चिडले. तरी पहिल्याच आठवड्यात ४० लाखांहून जास्त प्रती खपल्या. दुसऱ्या भागाची सुरुवात थंड झाली त्यामागे या नाराजीचा मोठा वाटा होता असं मला वाटतं. चांगला गेम आधीच्या गेमच्या पापाची फेड करत राहिला.

१४. (कथा उघड होते!) होरेशिओनंतर दुसरा गेम बिघडतो असं म्हणतात. खरं का?

माझं उत्तर: बिघडत नाही, अडखळतो.

होरेशिओ डेडसेकचा सदस्य आणि नूडलमध्ये नोकरीला असलेला कृष्णवर्णीय प्रोग्रॅमर. मार्कस त्याच्या ऑफिसात जातो तेव्हा एवढ्या मोठ्या जागेत आपल्यासारखे किती कमी आहेत याबद्दल दोघं बोलतात. साधं, ओळखीचं बोलणं आहे. दोन्ही गेम मिळून मला सर्वांत जास्त लक्षात राहिलेला संवाद तोच. पुढे एक टोळी त्याला पळवून नेते आणि मारून टाकते. मार्कस संतापतो, टोळीवर तुटून पडतो, गट शोक करतो. आणि फार लवकर गेम पुन्हा आधीच्या गमतीजमतीकडे वळतो. लीनाच्या मृत्यूचं ओझं एडन शेवटपर्यंत वाहतो, कधीकधी कंटाळा येईल इतकं. होरेशिओच्या वाट्याला ते आलं नाही. त्याच्यासाठी एक शांत मिशन हवं होतं, ज्यात काही हॅक करायचं नाही.

१५. ऑनलाइन 'इन्व्हेजन' म्हणजे काय? कोणीतरी माझ्या गेममध्ये घुसलं!

घाबरू नका, तो खेळाचा भाग आहे. दुसरा खेळाडू गुपचूप तुमच्या शहरात येतो, साध्या नागरिकासारखा दिसतो आणि जवळ राहून तुमची माहिती उतरवून घेतो. तुम्हाला इशारा मिळाला की वेळ संपायच्या आत गर्दीतला खोटा माणूस प्रोफायलरने शोधायचा. बाकी सगळे नोंदी झालेत आणि त्यातला एकजण आपल्याकडे बघतोय ही जाणीव खरोखर अंगावर येते.

दोन्ही भागांत हे आहे. पहिल्यात त्याला धार जास्त आहे, कारण शहर शांत आहे आणि प्रत्येकाकडे संशयाने बघायची सवय आपल्याला आधीच लागलेली असते. दुसऱ्या भागात हे विक्रीच्या दिवशी अडचणींमुळे बंद ठेवावं लागलं होतं, नंतर दुरुस्त करून सुरू झालं. चौघांनी मिळून फिरण्याची सोय जुलै २०१७ च्या अपडेटमध्ये आली.

१६. मला शांतपणे एकटं खेळायचंय. इन्व्हेजन बंद केलं तर काही नुकसान?

पहिल्या भागात आहे. बंद करताच ऑनलाइन कमावलेले सगळे नोटोरायटी गुण आणि त्यांनी उघडलेली कौशल्यं पुसली जातात. कथा, पैसे, हत्यारं यांना धक्का लागत नाही. त्यामुळे बंद करायचंच असेल तर सुरुवातीलाच करा. दुसऱ्या भागात अशी शिक्षा नाही.

१७. मार्कस पाळतीविरुद्ध लढतो म्हणता, पण तोही लोकांची खाती फोडतोच ना?

फोडतो. आणि त्याहून वाईट एक गोष्ट करतो, जिच्याबद्दल फार कमी लोक बोलतात.

दुसऱ्या गेममध्ये कोणत्याही माणसाच्या नावावर खोटा पुरावा टाकता येतो. बटण दाबलं की पोलिसांच्या नोंदीत तो वाँटेड होतो. गाडी येते, पोलीस उतरतात, त्याला जमिनीवर पाडून बेड्या घालतात. तो धावला किंवा उलटला तर गोळ्याही सुटतात. कुंपणाआडच्या पहारेकऱ्याला वाटेतून हटवायला हा सोपा उपाय आहे, आणि म्हणून सगळे तो वापरतात. तसाच एखाद्याला टोळीच्या तोंडी देण्याचाही पर्याय आहे.

आता मार्कस कोण आहे ते आठवा (प्रश्न ३). ज्याचं आयुष्य खोट्या नोंदीने उलथलं, तो दिवसातून दहा वेळा दुसऱ्यांच्या नावावर खोटी नोंद टाकतो, आणि त्याच्या तोंडून त्याबद्दल एक शब्द निघत नाही. पहिल्या गेममधला विरोधाभास, सूडासाठी निघालेला चोर आपल्याला नायक म्हणून दाखवणं, निदान कथेत मान्य केलेला होता. एडनला मदत करणारे हॅकर क्लारा आणि टी-बोन ते त्याला सुनावतातही. दुसऱ्यात गट इतका प्रेमळ, इतका आपलासा आहे की हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

हा माझा दुसऱ्या भागावरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. तरीही दोन्हींतला एकच ठेवायचा झाला तर मी दुसराच ठेवीन. खेळ म्हणून तो खूप पुढचा आहे आणि त्याची माणसं आपली वाटतात.

१८. मग तिसरा भाग?

'लीजन' ऑक्टोबर २०२० मध्ये आला. तो लंडनमध्ये घडतो आणि रस्त्यावरच्या कोणत्याही माणसाला गटात घेऊन खेळता येतो, म्हणजे प्रोफायलरच्या चौकटीतलाच माणूस नायक होतो. एडन आणि दुसऱ्या भागातला रेंच त्याच्या 'ब्लडलाइन' या जोड-कथेत परत येतात. त्याबद्दलचे प्रश्न इथे घेतलेले नाहीत.

१९. अनोळखी लोकांचे पैसे न घेता आणि कोणावर खोटा पुरावा न टाकता दुसरा गेम पूर्ण होतो का?

होतो. माझी दुसरी फेरी अशीच होती. पैसे मिशनमधून मिळतात, शहरात लपवलेल्या थैल्यांमधून मिळतात आणि सापडलेल्या वस्तू विकून मिळतात. क्वाडकॉप्टरसाठी थोडं थांबावं लागतं, जंपरवर सुरुवातीची मिशनं आरामात निघतात. हत्यारांपैकी स्टन गन आणि दोरीला बांधलेला थंडरबॉल पुरतो. पहारेकऱ्यांना हटवायला फोन वाजवणं आणि विजेची पेटी एवढंच वापरा.

अवघड जातात त्या बंद आवारातल्या मोठ्या जागा, जिथे पाच-सहा जण एकमेकांना दिसतील असे उभे असतात. तिथे बोट आपसूक त्या बटणाकडे जातं. एका ठिकाणी मी अकरा वेळा परत सुरुवात केली. अकराव्या वेळी तिथल्या प्रत्येक पहारेकऱ्याची ओळ मला पाठ झाली होती, कोणाचं काय दुखतंय, कोण नुकताच बाप झालाय, आणि बाराव्या वेळी जंपर भिंतीच्या कडेकडेने त्या सगळ्यांच्या पाठीमागून आत गेला.